डॉक्टरांचं चरित्र आणि आमचे सर

कुणी डॉक्टरांना 'देवमाणूस' म्हटलं की सर वही मिटायचे. पेनाला टोपण लावायचे, चष्मा खिशात ठेवायचे आणि समोरच्याला शांतपणे म्हणायचे, "अहो, देवाची आरती असते. चरित्र माणसाचं असतं. तुम्हाला आरती म्हणायची असेल तर म्हणा, मी टाळ्या वाजवतो. पण लिहून घेणार नाही."

समोरचा माणूस बिचारा गोंधळायचा. त्यानं चांगलं मनात धरूनच तो शब्द वापरलेला असायचा. मग थोडा वेळ डोकं खाजवून तो म्हणायचा, "तसं एकदा डॉक्टर माझ्यावर लई चिडलं व्हतं." की सरांची वही पुन्हा उघडायची.

सर आमच्या नारायणगावच्या शाळेत गणित शिकवायचे. मी मराठी शिकवायला तिथं लागले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. उंच, काटकुळे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. सायकल होती, पण ती चालवण्यापेक्षा हातात धरून चालत जाणं त्यांना जास्त आवडायचं. पाचवीतल्या पोरालाही ते 'अहो' म्हणत. "अहो, तुम्ही गृहपाठ केला नाहीत," असं त्यांनी म्हटलं की त्या पोराला दोन छड्यांपेक्षा जास्त लागायचं. त्यांचं अक्षर मात्र इतकं वाईट होतं की फळ्यावरचा त्रिकोण तेवढा ओळखू यायचा, बाकीचं पोरं अंदाजानं उतरवून घ्यायची.

त्या अक्षरामुळंच मी या चरित्रात ओढली गेले.

डॉक्टर म्हणजे जुन्नरमध्ये चाळीसेक वर्षं दवाखाना चालवलेले, पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत असलेले गृहस्थ. मूळचे शिनोलीचे. आमचे सरही शिनोलीचेच. दोघं तालुक्याच्या शाळेत एका बाकावर शिकले. डॉक्टर वारले तेव्हा सर निवृत्त होऊन नारायणगावात राहत होते. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांचे चिरंजीव, तेही डॉक्टर, त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "बाबांचं एक छोटं चरित्र काढायचं आहे. जुनी पत्रं, शाळेच्या आठवणी, पेशंटांचे अनुभव. वर्गातले आता तुम्हीच उरलात."

सरांनी एका क्षणात हो म्हटलं. मला त्याचं नवल वाटलं. कारण सर कुठल्याही गोष्टीला एका क्षणात हो म्हणत नसत. चहाला सुद्धा नाही.

चिरंजीवांना वाटलं, सहा महिन्यांत पुस्तक होईल. सरांनी सहा वर्षं घेतली.

त्यांनी वहीत तीन रकाने आखले होते. पहिल्यात 'काय घडलं', दुसऱ्यात 'कोण म्हणालं', तिसऱ्यात 'कुणी पाहिलं'. तिसरा रकाना बहुतेक वेळा रिकामा असायचा, आणि तो रिकामा असेल तर पहिल्याला ते काट मारत. रविवारी मी त्यांच्याबरोबर जायची. माणसं बोलायची, सर विचारायचे आणि मी सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायची. कुणाच्या घरी आठवण सांगून होईपर्यंत सर चहा घ्यायचे नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "चहा घेतला की माणूस मिंधा होतो. मग समोरचा थापा मारायला लागला तरी मान हलवावी लागते."

एक गोष्ट आम्हाला तीन ठिकाणी ऐकायला मिळाली. कुकडीला महापूर आलेला, डॉक्टर बॅग डोक्यावर बांधून पोहत पलीकडे गेले आणि बाळंतिणीला सोडवून आले. सांगणाऱ्या तिघांच्याही अंगावर सांगताना काटा यायचा. सरांनी त्या बाळंतिणीचा पत्ता काढला. ती आता स्वतः आजी झाली होती. अंगणात शेंगा फोडत बसलेली.

"पूर कशाचा?" ती म्हणाली. "उन्हाळा व्हता. नदीत पाणी न्हवतंच. डॉक्टर सायकलवर आलं. वाटंत चाक पंचर झालं म्हून त्यान्ला उशीर झाला. तवर पोरगं झालं व्हतं. मंग पोराचं वजन केलं, माझ्या सासूला चार शब्द सुनावलं आन गेलं."

"सासूला काय सुनावलं?" सरांनी विचारलं.

"म्हनलं, हिला पोटभर खायला घाला, हे पोरगं काय हवेवर वाढलंय का?"

सर इतके खूश झालेले मी क्वचितच पाहिले. परतीच्या जीपमध्ये ते आपणहून बोलत होते. "बघा. पुरातून पोहून गेलेला डॉक्टर मला कळत नव्हता. पंक्चर झालेली सायकल ढकलत गेलेला कळतो." पुस्तकात त्या पंक्चरवर पूर्ण दीड पान आहे.

पत्रं गोळा करायची त्यांची पद्धत तर तालुक्यात प्रसिद्ध झाली. पत्र घेतलं की ते पावती लिहून द्यायचे: 'एक कार्ड, दोन्ही बाजू, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग, डाग आधीपासूनचा.' नक्कल झाली की पत्र स्वतः परत नेऊन द्यायचे आणि पावती मागून घेऊन फाडायचे. जुन्नरमधल्या एका अत्तरविक्या चाचांकडे डॉक्टरांची अकरा पत्रं होती. त्यांनी सरांना सांगितलं, "मास्तरसाहब, पावती राहू द्या हो, तुमच्यावर भरोसा आहे." सर म्हणाले, "तुमचा आहे. माझा नाही." आणि पावती त्यांच्या हातात ठेवली.

घाटघरला आम्ही गेलो तो त्या सगळ्या फिरण्यातला सर्वांत महत्त्वाचा दिवस. कुणीतरी सांगितलं होतं की तिथल्या एका म्हातारीकडे डॉक्टरांचं पत्र आहे आणि ती ते कुणाला हात लावू देत नाही. जुन्नरहून जीपनं गेलो. म्हातारी पडवीत हिरडे वाळत घालत होती. सरांनी आपण का आलोय ते सांगितलं. तिनं हात पुसले, आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आली.

"हितं बसून लिवून घ्या," ती म्हणाली. "कागूद मी देनार न्हाई."

"पावती देतो," सर म्हणाले.

"तुमची पावती मला काय करायची? मला कागूद पायजे."

मला वाटलं सर वाद घालतील. ते मुकाट्यानं तिथं बसले आणि मला म्हणाले, "उतरवून घ्या."

पत्र लहान होतं. मी मोठ्यानं वाचत लिहायला लागले.

'तुम्ही मुलीला माझ्याकडे आणले तेव्हा मी तिचा घसा नीट पाहिला नाही. साधी सूज समजून औषध दिले व घरी पाठवले. परवा तुमच्याच गावचा एक मुलगा आला. त्याचा घसा पाहिल्यावर मला समजले की तुमच्या मुलीलाही घटसर्पच झाला होता. तुम्ही तिला वेळेवर आणले होते. तुमच्याकडून उशीर झाला नाही. चूक माझी झाली. हे पत्र तुम्ही कोणासही दाखवावे, माझी हरकत नाही.'

तिला वाचता येत नव्हतं. तरी मी एक शब्द गाळला तेव्हा तिनं मला थांबवलं. "'वेळेवर' ऱ्हायलं, बाई. 'वेळेवर आणले होते' असं हाय."

मी तो शब्द घातला. मग तिनं सांगितलं. पोरगी पाच वर्षांची होती. भाताच्या आवणीचे, रोपं लावायचे दिवस होते. पोरगी गेल्यावर सासू आणि सगळी वस्ती म्हणायला लागली की हिनं आवणीपायी पोरीला दवाखान्यात न्यायला उशीर केला, हिनं पोर मारली. नवऱ्यानं तिला माहेरी नेऊन सोडायचं ठरवलं होतं. त्या आठवड्यात हे पत्र आलं. तिथल्या शाळेच्या मास्तरांनी ते मारुतीच्या देवळापुढं सगळ्यांसमोर वाचलं.

"त्याच्यानंतर कुनी कायी बोललं न्हाई," ती म्हणाली. "सासू मरंपोत बोलली न्हाई. या कागदानं मला या घरात ठिवलं."

"तुम्हाला डॉक्टरांचा राग नाही आला?" सरांनी विचारलं.

"आला की. पोर गेली ती गेली. पर दुसऱ्या कुनी लिवलं असतं का असं?" तिनं कागद पुन्हा पिशवीत घातला. "तुमी छापा. माझं नाव घाला. लपवून ठिवू नगा."

सरांनी तिच्या घरी चहा घेतला. दोन कप.

चिरंजीवांनी हस्तलिखित वाचलं आणि ते सरांकडे आले, तेव्हा मी तिथंच होते. ते चांगले गृहस्थ होते, हे आधीच सांगते. आवाज न चढवता ते म्हणाले, "सर, बाकी सगळं ठेवा. ते पंक्चरही ठेवा. पण घाटघरचं पत्र काढा."

"का?"

"बाबांनी हजारो माणसं वाचवली. लोकांच्या लक्षात फक्त ती एक मुलगी राहील. आणि बाबा आता उत्तर द्यायला नाहीत."

"उत्तर त्यांनी आधीच दिलंय," सर म्हणाले. "स्वतःच्या अक्षरात. 'कोणासही दाखवावे' असं लिहून दिलंय."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"तर मीही काढा म्हटलं असतं. म्हणूनच चरित्र मुलानं लिहू नये."

चिरंजीव उठले, हस्तलिखित बरोबर घेऊन गेले, आणि आठ महिने त्यांचा निरोप आला नाही. सर हटले नाहीत. ते पत्र नसेल तर माझं नावही नको, असं त्यांनी कार्ड टाकून कळवलं. शेवटी मीच म्हटलं की डॉक्टरांच्या पत्नीला जाऊन भेटू. त्यांना सगळे काकू म्हणत. सर नाही म्हणाले. मी पुन्हा म्हटलं. ते पुन्हा नाही म्हणाले. इतक्या लोकांच्या दारात गेलेला माणूस याच एका दारात जायला का तयार नाही, ते मला कळेना. तिसऱ्या वेळी मी जुन्नरच्या एस.टी.त बसूनच त्यांना खिडकीतून हाक मारली, तेव्हा ते चढले.

काकूंनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. मी घाटघरचं सगळं सांगितलं. त्या मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "ते पत्र टाकायच्या आधी त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, पाठवू नका. नवीन दवाखाना, लोक येणार नाहीत. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी पाठवलं. त्या बाईचं काय झालं ते आज मला कळतंय. तेव्हा माझं चुकलं. छापा ते. मुलाला मी सांगते."

मी उठायच्या तयारीत होते. पण काकूंचं झालं नव्हतं. त्या सरांकडे वळल्या.

"आणि तुमची पत्रं कुठंयत?"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"दर दिवाळीला ते तुम्हाला एक पत्र लिहायचे. तीसेक वर्षं. मी स्वतः कितीतरी टपालपेटीत टाकलीत. तुमचं एकदाही उत्तर आलं नाही. तुमच्यात काय झालं ते मी विचारलं की म्हणायचे, 'त्याचं तो सांगेल.' या पुस्तकात सगळ्यांची पत्रं आहेत, तुमची नाहीत. शाळेच्या दिवसांवर दीड पान आहे. माझ्या नवऱ्याची चूक तुम्ही छापणार, ती मी छापू देते. मग तुमचं जे काही असेल ते?"

काकूंचा आवाज अजिबात चढला नव्हता. सर उठले, हात जोडले आणि बाहेर पडले. आम्ही परतीची एस.टी. धरली. जुन्नर ते नारायणगाव अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात एकदाच म्हणाले, "केवढं जवळ आहे हो हे."

दोन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर पत्रांचा गठ्ठा होता आणि बाजूला त्यांच्या त्या भयंकर अक्षरातली सहा पानं. पत्रं सगळी उघडलेली, घड्यांवर विरलेली. म्हणजे ती पुन्हा पुन्हा वाचलेली होती. मी चाळून पाहिली. पाऊस कसा झाला, शिनोलीच्या घरचा आंबा यंदा मोहरला की नाही, गुडघा दुखतो. शाळेचा उल्लेख कुठंच नाही. शेवटी बहुतेक वेळा तेच शब्द: 'इकडे आलास तर घरी ये. नाही आलास तरी राग नाही.'

मग मी ती सहा पानं वाचली. वाचायला तासभर लागला. पहिलं पान असं होतं:

'वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी खडू आणायला हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. टेबलावर गणिताचा पेपर होता. त्यातलं भूमितीचं एक अवघड उदाहरण मी वाचलं. शाळा सुटल्यावर घोड नदीच्या काठी ते मी त्याला वाळूत करून दाखवलं. तो गणितात कच्चा होता आणि त्यानं माझ्याबरोबर पुढच्या वर्गात यावं असं मला वाटत होतं. पेपर मी पाहिला, हेही त्याला सांगितलं. परीक्षेत ते उदाहरण आम्हा दोघांनाच सुटलं. माझं कुणाला नवल वाटलं नाही. त्याचं वाटलं. हेडमास्तरांनी त्याला विचारलं, तुला कुणी सांगितलं? तो म्हणाला, कुणी नाही. त्याला वर्गासमोर छड्या बसल्या आणि त्याचं वर्ष गेलं. मी बाकावर बसून होतो. गणिताचं बक्षीस मला मिळालं.'

मी पान खाली ठेवलं. "हे छापायचं, सर?"

"तिसऱ्या रकान्यात काय लिहाल?" त्यांनी विचारलं.

"तुमचं नाव."

"मग छापायचं."

"त्यांनी तुम्हाला कधी दोष दिला नाही. पत्रांत तरी नाही."

"म्हणूनच उत्तर लिहिता आलं नाही," सर म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी गेलो असतो."

त्या दिवशी मी रडले नाही, पण त्या पानांची नक्कल करताना माझं अक्षर नेहमीइतकं चांगलं आलं नाही.

पुस्तक निघालं. चिरंजीवांनी काकूंचं ऐकलं, आणि नुसतं ऐकलं नाही तर पुढचं सगळं पुढाकार घेऊन केलं. जुन्नरमधल्या एका सभागृहात प्रकाशन झालं. घाटघरच्या म्हातारीला आणायला त्यांनी स्वतःची गाडी पाठवली आणि तिला काकूंच्या शेजारी बसवलं. हॉल भरला होता. शिनोलीहून लोक आले होते, चाचा होते, आणि सरांच्या हाताखालून गेलेले निदान शंभर विद्यार्थी होते.

सरांना भाषण करायला सांगितलं. ते म्हणाले, "भाषण मला येत नाही. मी शाळेचं प्रकरण वाचतो." आणि उभं राहून त्यांनी ते वाचलं, वर्गात प्रमेय वाचावं तसं, एकाही शब्दावर न अडखळता. मी समोरच्या लोकांकडे बघत होते. आयुष्यभर ज्यांना या माणसाची भीती वाटली ते सगळे मान खाली घालून ऐकत होते.

वाचन संपलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक दणकट माणूस उठला. नारायणगावच्या बाजारात त्याची टोमॅटोची आडत होती. त्याला सगळे ओळखत होते.

"सर, मला वळखलं का?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नववी. वार्षिक परीक्षा. मी तुम्हाला पेपरावरून उठवलं होतं. तुमचं वर्ष गेलं."

"व्हय. फुडच्याचा पेपर बघितला व्हता. खोटं न्हवतं."

थोडा हशा झाला. सर हसले नाहीत. त्यांनी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"तुम्ही पाहिलंत आणि शिक्षा भोगलीत," ते म्हणाले. "मी पाहिलं आणि बक्षीस घेतलं. तुम्हाला उठवायचा अधिकार मला नव्हता. इथं सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

आडतदार म्हणाला, "माफीचं ऱ्हाऊ द्या, सर. राग व्हता, लई वर्सं व्हता. पर एक इचारतो. तुमी डॉक्टरांना नंतर भेटला का न्हाई कधी?"

"नाही."

"एकदाबी न्हाई?"

"अंत्यविधीला गेलो होतो," सर म्हणाले. "रस्त्याच्या पलीकडे उभा होतो."

हे मलाही माहीत नव्हतं. काकूंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. सरांचा हात टेबलाची कड शोधत होता.

आडतदार रांगेतून वाट काढत पुढे आला, स्टेजवर चढला, भिंतीकडची खुर्ची उचलून त्यानं सरांच्या मागं ठेवली. मग टेबलावरचं पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं.

"बसा, सर," तो म्हणाला. "बसून वाचा. आमी बसलोय. फुडचं वाचा."

सर बसले. त्यांनी चष्मा पुसला, पान उलटलं आणि पुढचं प्रकरण वाचायला सुरुवात केली.